डॉ. कमलाबाई सोहोनी

पनवेलच्या आसमंतांत भाताची कापणी उरकली कीं त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. या वालांत दडलेल्या एका द्रव्याचा ज्यांनीं प्रयोगशाळेंत शोध घेतला, त्या विदुषींचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें, म्हणून तें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लेखिका दुर्गाबाई भागवत ह्या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनीं मिळवून १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत अर्ज केला. परंतु त्या केवळ स्त्री असल्यामुळें संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं तो नाकारला. कमलाबाई स्वतः तेथें गेल्या व त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. अखेर एक वर्ष काम पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचें काम पाहून रामन यांनीं पुढें इतर स्त्रियांसही दार मोकळें केलें.

बंगलोरास त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. मग केंब्रिज येथें त्या गेल्या. ग्लुटाथायोन हें गंधकयुक्त द्रव्य १९२१ सालीं पेशींतून वेगळें काढणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा तो विभाग. तेथें १९३९ सालीं त्यांनीं डॉक्टरेट संपादिली.

प्रथिनें अॅमिनो आम्लांचीं बनलेलीं असतात. त्यांपैकीं मेथिओनिन व सिस्टीन यांत गंधक असतो. मेथिओनिन शरीरास करतां येत नाहीं, तें अन्नांतूनच यावें लागतें; त्यापासून सिस्टीन होतें, व केस, नखें आणि ग्लुटाथायोन यांच्या घडणीस तें लागतें. डाळींत मेथिओनिन थोडें, पण लायसिन भरपूर; तांदुळाचें उलट. म्हणूनच वरण व भात परस्परांची उणीव भरून काढतात.

मायदेशीं परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथें काम करून कमलाबाई मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या. कच्च्या वालांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्यास अडविणारें प्रथिन असतें. तें स्फटिकरूपानें वेगळें केल्याचें त्यांनीं एका सहकाऱ्यासह १९५५ सालीं प्रसिद्ध केलें. कच्च्या सोयाबीनमधील अशाच द्रव्यानें उंदरांच्या स्वादुपिंडाचा रस अधिक स्रवतो व त्याबरोबर गंधकयुक्त आम्लें वायां जातात, असें दिसून आलें आहे. भिजविल्यानें व नीट शिजविल्यानें अशा द्रव्यांचा जोर पुष्कळसा ओसरतो. आमच्या घरांतील माउल्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, शिजवून बिरडें करतात, त्यांत केवढें शहाणपण आहे!

नीरेच्या पोषणमूल्यावरील कार्याबद्दल कमलाबाईंस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रांनो, बंगलोरच्या दारांतून त्या निमूट परतल्या असत्या, तर गरिबांच्या ताटांतील अन्नाचा कसोशीनें विचार करणारी एक बुद्धि वायां गेली असती. आणि पालकहो, आपली कन्या प्रश्न विचारूं लागली, तर तिला गप्प बसवूं नका, एवढीच आमची विनंति.