कै. भाऊसाहेब बांदोडकर : तीन निवडणुका आणि एक कौल

देवळात प्रसाद लावण्यापूर्वी गाऱ्हाणे स्पष्ट घालावे लागते, हे आम्ही आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि प्रश्न मोघम विचारला, तर उजवी पडली तरी भाविक गोंधळतो आणि डावी पडली तरी गोंधळतो. गोव्यात लोकशाही आली त्या पहिल्या पाचसहा वर्षांतच येथील मतदारांपुढे दोन प्रश्न पाठोपाठ आले. दोन्ही वेळा उत्तर मागणारे प्रमुख गृहस्थ एकच होते. पहिल्या प्रश्नास लोकांनी त्यांना नकार दिला आणि त्यानंतर दहा आठवड्यांनी त्याच लोकांनी त्यांनाच राज्यकारभार सोपविला. त्या गृहस्थांचे, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कैलासवासी दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे, चरित्र आमच्या सभासद कुटुंबांतील तरुण मंडळींना फारसे ठाऊक नसते. रस्त्याला नाव आहे, पुतळे आहेत, तसबिरी आहेत. पण निवडणुकांची हकीकत विचारली तर बहुतेक जण गप्प बसतात. आमचा स्वतःचा जन्म त्यांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. म्हणून वाचून व वडीलधाऱ्यांना विचारून जे खात्रीचे वाटले तेवढेच येथे लिहीत आहोत.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. ते गोमंतक मराठा समाजातले. या समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या गोव्याच्या देवालयांची सेवा केली. गायन, वादन, नृत्य, दिवाबत्ती, उत्सवातील नाना कामे त्यांच्या हातून घडत. देवालयाच्या कारभारात मात्र त्यांना स्थान नव्हते. महाजनांची नोंद होई, सेवेकऱ्यांची होत नसे. देवस्थानाच्या पत्रिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण ज्यांच्या हातात देवळाच्या किल्ल्या होत्या त्यांच्याच घरांतून आम्हीही आलो आहोत. परंतु हे गाळून भाऊसाहेबांचे चरित्र सांगता येणार नाही. पुढे ज्या लोकांनी त्यांना आपला माणूस मानले, त्यांनी ते का मानले याचे पुष्कळसे उत्तर येथेच आहे.

शिक्षण बेताचे, घरची स्थिती सामान्य. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोखंडी व मँगनीज खनिजाला परदेशांतून मागणी वाढली, आणि त्या काळात जी माणसे खाणीच्या धंद्यात वर आली त्यांत भाऊसाहेब होते. पैसा मिळाला तसा तो त्यांनी सढळ हाताने वाटला. शाळा, देवळे, अडलेली कुटुंबे, खेळाडू, कलावंत यांना त्यांच्याकडून साहाय्य मिळे. राजकारणात येण्यापूर्वी त्यांची ओळख खाणमालक आणि दाता अशी दुहेरी होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला. काही महिने मेजर जनरल कॅन्डेथ यांनी लष्करी राज्यपाल म्हणून कारभार पाहिला. मग गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश ठरला. १९६३ च्या कायद्याने त्याला विधानसभा मिळाली. जागा ३०, त्यांपैकी २८ गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. त्याच वर्षी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि भाऊसाहेब त्याचे नेते झाले. पक्षाची खूण सिंह. पक्षाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. दुसरी, कूळ आणि मुंडकार यांना भाटकाराच्या मर्जीवर जगावे लागू नये. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगतो : मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या भाटात घर बांधून राहणारा. घर त्याचे, पण पायाखालची जमीन भाटकाराची. भाटकाराची मर्जी फिरली की घर उठवावे लागे. ज्याने ही भीती बाळगून रात्री काढल्या त्याला सिंहाची खूण समजावून सांगण्यास व्याख्यानाची गरज नव्हती.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला आपणच निवडून येऊ असे वाटत होते, आणि गोव्यातील तिच्या पुढाऱ्यांत शिकलीसवरलेली, मातबर मंडळी होती. निकाल लागला तेव्हा गोव्याच्या २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नव्हती; दमणची तेवढी एक मिळाली. महाराष्ट्रवादी गोमंतक आणि त्यांचे सहकारी मिळून १६, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष १२. गंमत अशी की ज्यांच्या नावावर हा विजय मिळाला ते भाऊसाहेब स्वतः उमेदवारच नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि पुढे पोटनिवडणुकीत फोंडे तालुक्यातील मडकई मतदारसंघातून ते विधानसभेत आले. मडकई हे श्रीनवदुर्गेचे स्थान, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

९ जानेवारी १९६४ रोजी पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात विधानसभा प्रथम भरली. अध्यक्षस्थानी श्री. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर यांची निवड झाली. राज्य चालविण्याचा अनुभव सत्ताधारी पक्षात फारच थोड्यांना होता आणि विरोधी बाकांवर विद्वान वकील व डॉक्टर होते. तरी कामे झाली. १९६४ चा कूळ कायदा झाला; कुळाला जमिनीवरून मनमानीने हुसकता येणार नाही असे ठरले आणि खंडाची मर्यादा पिकाच्या सहाव्या हिश्श्यावर आणली. जेथे निम्मे पीक भाटकाराच्या कोठारात जाण्याची चाल होती तेथे या एका कलमाचा अर्थ काय झाला असेल, याची कल्पना शेतावर राबलेल्यालाच यावी. दुसरे काम शाळांचे. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा लोकांनी स्वतःच्या पदरमोडीने, पुष्कळदा देवळाच्या मंडपात किंवा अग्रशाळेत चालविल्या होत्या. आता सरकारी प्राथमिक शाळा खेडोपाडी निघाल्या आणि ज्यांच्या घरात कोणी पाटी पाहिली नव्हती अशी मुले त्यांत बसू लागली.

आता विलीनीकरणाकडे वळू. निवडणूक जिंकल्यावर आपल्याला विलीनीकरणाचा हुकूमच मिळाला, असे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने मानले. २२ जानेवारी १९६५ रोजी तसा ठराव विधानसभेत संमत झाला. विरोधकांचे म्हणणे असे की निवडणुकीत लोकांनी सरकार निवडले, गोव्याचे भवितव्य नव्हे. त्यासाठी वेगळे मत घ्या. आमच्या मते या मुद्द्यात तथ्य होते. कुळाने सिंहावर शिक्का मारला तो शेतासाठी की महाराष्ट्रासाठी, हे त्या शिक्क्यावरून कसे कळावे? गाऱ्हाणे दुहेरी घातले होते. पण त्या वेळी पक्षातील मंडळींना हे पटणे कठीण होते, कारण त्यांच्या मनात शेत, शाळा, मराठी भाषा आणि महाराष्ट्र ही एकाच हाराची फुले होती.

अखेर दिल्लीने लोकांचे मत स्वतंत्रपणे घेण्याचा निर्णय केला व १९६६ च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा झाला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून सरकारने पायउतार व्हावे अशी मागणी होती. त्याप्रमाणे ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळ दूर झाले. सत्ता हातात असताना ती अशा कामासाठी खाली ठेवणे सोपे नसते, आणि परत मिळेल याची हमी कोणी दिलेली नव्हती.

मतदारांपुढे दोन खुणा होत्या : महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, वेगळा केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने. लोकांनी या मतदानालाही कौलच म्हटले. त्या दिवसांत गोव्यात दुसरे बोलणे नव्हते. हा झगडा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा होता असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांत मराठी दैनिक ‘राष्ट्रमत’ होते, त्याचे संपादक चंद्रकांत केणी होते, त्यात धारदार लेखन करणारे उदय भेंब्रे होते, आणि गावोगाव गाणारे उल्हास बुयांव होते. मराठी वाचणाऱ्यांची मते मराठी वर्तमानपत्रानेच फिरवावी, हा भाऊसाहेबांच्या पक्षाला बसलेला मोठा धक्का असला पाहिजे. आमच्याही घरात मते दुभंगली होती असे आजी सांगत असे. आजोबांनी फुलावर शिक्का मारला. आजीने कशावर मारला ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. विचारले की हसून देव्हाऱ्यातील निर्माल्य आवरू लागे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१. म्हणजे सतरा हजारांहून थोडी अधिक माणसे या बाजूची त्या बाजूला गेली असती तर गोवा आज महाराष्ट्राचा एक जिल्हा असता. सासष्टी, तिसवाडी, बार्देस या भागांनी तराजू झुकविला. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे फुलाचा जोर होता. भाऊसाहेबांचे जन्मगाव त्यांच्या बरोबर राहिले, गोवा राहिला नाही.

ज्या गोष्टीसाठी पक्षाच्या नावातच महाराष्ट्र घातला तीच हातची गेली. एखादा असता तर रुसून घरी बसला असता किंवा मतमोजणीवर आळ घेत फिरला असता. भाऊसाहेबांनी निकाल मान्य केला आणि पुन्हा गावे पालथी घालावयास आरंभ केला, कारण विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. २८ मार्च १९६७ रोजी ती झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक १६, युनायटेड गोवन्स १२, अपक्ष २. जानेवारीत ज्यांना हरविले त्यांनाच मार्चात निवडून दिले. ५ एप्रिल १९६७ रोजी भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हे कसे घडले? काही श्रेय विरोधकांच्या फुटीला द्यावे लागेल. कौल जिंकताच युनायटेड गोवन्समध्ये सिक्वेरा गट व फुर्तादो गट असे दोन तट पडले होते. पण एवढ्याने उलगडा होत नाही. जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारणाऱ्या कित्येक कुळांनी व मुंडकारांनी मार्चात सिंहावर मारला असला पाहिजे. त्यांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. गोवा गोवाच राहू दे, आणि त्याचा कारभार भाऊ पाहू देत. या खेपेस प्रश्न वेगवेगळे विचारले होते, म्हणून उत्तरेही वेगवेगळी मिळाली.

त्यानंतर विलीनीकरणाचा आग्रह हळूहळू मागे पडला आणि भाऊसाहेबांची कारकीर्द खऱ्या अर्थाने गोव्याची झाली. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली व ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या समाजाने देवळांच्या चौकांत गायन जिवंत ठेवले त्याच समाजातील पुरुषाने अकादमीचे अध्यक्षपद भूषवावे, यातील औचित्य आम्हांस विशेष वाटते. त्याच वर्षी एक कटू प्रसंगही आला. पक्षातील काही आमदार त्यांच्या विरोधात गेले आणि सरकार डळमळले. कारभार एकहाती चालतो, सहकाऱ्यांस विचारात घेतले जात नाही, ही तक्रार होती. आणि ती सर्वस्वी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. स्वकष्टाने धंदा उभारलेल्या माणसाला मंडळात बसून मतामतांचा घोळ घालण्याचा कंटाळा असतो. शेवटी सरकार वाचले ते विरोधी युनायटेड गोवन्समधील काही आमदारांच्या पाठिंब्याने. ज्यांच्याशी कौलाच्या वेळी हाडवैर मांडले होते त्यांच्यातलेच काही आता शेजारी येऊन बसले.

१९७२ साली तिसरी निवडणूक झाली. फुटून गेलेल्यांमुळे पक्ष खिळखिळा होईल असा अंदाज पुष्कळांनी बांधला होता. तो खोटा ठरला. महाराष्ट्रवादी गोमंतक १८, युनायटेड गोवन्स १०, काँग्रेस एक, अपक्ष एक. तिन्ही निवडणुकांतील हे सर्वांत मोठे यश.

ते फार काळ लाभावयाचे नव्हते. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. वय ६२. त्यांच्या मागे त्यांची कन्या श्रीमती शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या व १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. वडिलांनी कुळाला संरक्षण दिले होते. कन्येच्या कारकिर्दीत मुंडकारांसाठी १९७५ साली कायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देण्याचे ठरले. १९७९ साली पक्षाचे सरकार कोसळले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटक राज्य झाला. दोन पानांनी मागितले होते त्याहूनही ते अधिक होते.

पणजीहून मिरामारला जाणारा, मांडवीच्या काठाकाठाने धावणारा रस्ता आज दयानंद बांदोडकर मार्ग म्हणून ओळखला जातो. तो जेथे समुद्राला भिडतो तेथे, सुरूच्या झाडांपाशी, भाऊसाहेबांची समाधी आहे. जयंतीला आणि पुण्यतिथीला तेथे फुले वाहिली जातात. वाहणाऱ्यांत फुलावर शिक्का मारलेल्यांची नातवंडे असतात, तशीच दोन पानांवर मारलेल्यांचीही असतात.