धोंडो केशव कर्वे
धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८ – ९ नोव्हेंबर १९६२), अर्थात महर्षी कर्वे, हे स्त्रीशिक्षणाचा प्रसार करणारे समाजसुधारक होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. आश्रम पुण्याच्या सदाशिव पेठेत असताना शहरात प्लेगची साथ पसरली व जागा सोडणे भाग पडले. मात्र आश्रम बंद न करता कर्वे यांनी १९०० साली तो हिंगण्याच्या माळरानावर हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले आणि पहिली झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे पुण्याहून पायी हिंगण्यास जात. साथीमुळे पत्करलेली ही जागाच संस्थेचे कायमचे ठिकाण ठरली. १९१६ साली महिला विद्यापीठही प्रथम येथेच सुरू झाले.