फ्रेडरिक फ्रोबेल : मुलांच्या बागेचा माळी

जर्मनी देशांतील थुरिंगिया प्रांताच्या डोंगराळ मुलखांत ओबरवाइसबाख नांवाचें गांव आहे. तेथील ल्यूथरपंथी पाळकाच्या घरीं ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं फ्रेडरिक फ्रोबेल याचा जन्म झाला. मूल वर्षाचें होण्यापूर्वींच त्याची आई मरण पावली. पित्यावर मंडळीच्या कामाचा भार मोठा. त्यास मुलाकडे पाहण्यास सवड मिळेना. सावत्र आईनें आरंभीं माया लाविली, परंतु तिला स्वतःचें मूल झाल्यावर ती आटली. ज्या वयांत इतर मुलें आईच्या मांडीवर गाणीं ऐकतात, त्या वयांत हा मुलगा एकटाच बागेंत झाडांपाशीं बसत असे. दहा वर्षांचा झाल्यावर मामानें त्याला आपल्या घरीं नेलें. तेथें त्याला प्रथम प्रेम मिळालें.

तारुण्यांतही त्यांस वाट लवकर सांपडली नाहीं. त्यांनीं वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली. येना येथील विश्वविद्यालयांत असतां कर्ज फिटेना म्हणून नऊ आठवडे कैद भोगिली. शेवटीं १८०५ सालीं फ्रांकफुर्ट येथील एका शाळेंत ते शिक्षक झाले, आणि वर्गापुढें उभे राहतांच आपलें काम हेंच, अशी त्यांची खातरी झाली. पुढें १८०८ पासून दोन वर्षें ते स्वित्झर्लंडांत पेस्टालोझी या थोर शिक्षकापाशीं शिकले. १८१७ सालीं काइलहाऊ या खेड्यांत त्यांनीं आपली शाळा बसविली, व १८३५ सालीं बुर्गडॉर्फ येथील अनाथालय त्यांच्या हातीं आलें. इतक्या अनुभवानें त्यांस एक गोष्ट कळली ती ही कीं, मूल शाळेंत येईपर्यंत त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो, आणि तो आईच्या मांडीवर होतो.

म्हणून १८३७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढिली, व १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. मूल हें रोप व शिक्षक हा माळी. माळी रोपाला ओढून वाढवीत नाहीं. तो पाणी घालतो, ऊन लागूं देतो आणि वाट पाहतो. चेंडू, लाकडी ठोकळे, बागकाम व गाणें हेंच तेथील शिक्षण होतें.

१८४४ सालीं त्यांनीं मातांसाठीं गीतांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत पन्नास खेळगीतें असून त्यांस चित्रें, चाली व हातांचे खेळ जोडिले आहेत. एका गीतांत बाळ टाळ्या वाजवून रोटी थापतें. मग आई त्याला भट्टीवाला, दळणारा, शेतकरी आणि शेवटीं पाऊस व ऊन देणारा देव, अशी साखळी दाखविते. दुसऱ्यांत बोटें कबुतरें होऊन खुराड्यांतून उडतात व परत घरीं येतात.

हीं गीतें काव्य म्हणून ओबडधोबड आहेत, हें फ्रोबेल यांच्या चाहत्यांनींही कबूल केलें आहे. तथापि यमकाचें काम त्यांत साधलें आहे. हात म्हटल्यावर भात, पान म्हटल्यावर कान, असें दोनचार वेळां ऐकलें कीं पुढील ओळीचा शेवट मूल आपण होऊन पुरा करितें. आरंभ बदलला व शेवट तसाच ठेविला तर नवा शब्द होतो, हें अक्षर पाहण्यापूर्वींच त्याच्या कानास कळतें. फ्रोबेल आपल्या बागेंत वाचन शिकवीत नसत. परंतु १९८३ सालीं ब्रॅडली व ब्रायंट या इंग्लंडांतील संशोधकांनीं शेंकडों मुलांची परीक्षा घेऊन दाखविलें कीं, चारपांच वर्षांच्या वयांत ज्यांस सारख्या ध्वनीचे शब्द ओळखतां येतात, तीं मुलें पुढें वाचनांत सरस ठरतात.

त्या काळच्या लोकांस मात्र हा पोरखेळ वाटला. १८४९ सालीं लीबेनस्टाइन येथें हा पांढऱ्या केसांचा मनुष्य खेड्यांतील मुलांबरोबर गात व नाचत असे, तेव्हां गांवकरी त्यांस म्हातारा खुळा म्हणत. तें ऐकून बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो ही सरदार घराण्यांतील बाई मुद्दाम पाहावयास गेली, आणि जन्मभर त्यांच्या कामाची कैवारी झाली.

याहून मोठा घाव पुढें बसला. ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें किंडरगार्टनवर बंदी घातली. तीं नास्तिकपणा शिकवितात असा आरोप होता. वास्तविक त्यांचा पुतण्या कार्ल याच्या एका पुस्तिकेवरून हा घोटाळा झाला होता. फ्रोबेल यांनीं खुलासा केला, पण तो कोणीं मानिला नाहीं. ज्या पाळकपुत्रानें बाळाला रोटीपासून देवापर्यंत नेलें, त्याच्यावरच हा डाग आला. ता. २१ जून १८५२ रोजीं ते वारले. बंदी कायम होती. ती १८६० सालीं उठली. तत्पूर्वींच, १८५६ सालीं, त्यांच्या पद्धतीचा वर्ग अमेरिकेंत वॉटरटाउन येथें सुरू झाला होता. श्वाइना येथील त्यांच्या थडग्यावर गोल, दंडगोल व घन रचिले आहेत. मुलांच्या हातीं ते देत असत तींच हीं खेळणीं.

वाचकहो, आज गांवोगांवच्या अंगणवाड्यांत मुलें टाळ्या वाजवून गाणीं म्हणतात, आणि पाटी केव्हां हातीं देणार, असें कित्येक आईबाप विचारतात. त्यांनीं ही कथा ध्यानांत ठेवावी. पाटी येईलच. तोंवर सायंकाळीं चुलीपाशीं बसून मुलाला एक शब्द द्यावा, व त्याच्या जोडीचा शब्द त्याच्याकडून मागावा. यास पैसा लागत नाहीं, आणि ज्या आईला अक्षर येत नाहीं तिलाही हें साधतें. लहानपणीं जें आपणांस मिळालें नाहीं तेंच फ्रोबेल यांनीं इतरांच्या लेंकरांस दिलें. आपल्या घरीं तें असतां तें देण्यास आपण कां चुकावें?