शत्रूचं मूल

बँकेतल्या आमच्या भाषेत ‘सँक्शन’ म्हणजे कर्जाची मंजुरी. सँक्शन झालं की कर्जदार पेढे घेऊन यायचा. मंजुरीपत्रावर रक्कम असे, अटी असत, मुदत असे आणि फेरआढाव्याची तारीखही असे. ती तारीख नसलेला कागद साहेबांपुढं ठेवण्याची कुणाची छाती नव्हती. जगाच्या राजकारणात मात्र हाच शब्द उलट्या अर्थानं चालतो. तिथं सँक्शन म्हणजे निर्बंध. एखाद्या देशाचा व्यापार तोडायचा, पैसा गोठवायचा, बोटी अडवायच्या. आणि त्या कागदावर पुष्कळदा मुदतच नसते. हा फरक मनात घोळू लागला की मला एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंची आठवण होते.

१९१९ सालचा वसंत. पहिल्या महायुद्धाच्या तोफा ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थंडावल्या होत्या, पण दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी संपली नव्हती. तहावर सही होईपर्यंत जर्मनीच्या गळ्याभोवतीचा फास सोडायचा नाही, असं धोरण होतं. मार्चनंतर थोडं धान्य जाऊ लागलं. नाकेबंदी पुरती उठली ती जुलैत. मधल्या काळात जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या मुलांच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. अशा मुलांचं छायाचित्र असलेली पत्रकं वाटत जेबबाई लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उभ्या राहिल्या. पत्रकं सेन्सॉरला दाखवलेली नव्हती. अटक झाली, खटला उभा राहिला. आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली. कायद्याच्या दृष्टीनं त्या दोषी होत्याच. पाच पौंड दंड झाला. खटला संपल्यावर सरकारी वकिलानंच आपल्या खिशातून पाच पौंड काढून त्यांच्या हातावर ठेवले!

बाई काही रस्त्यावर उतरणाऱ्या घराण्यातल्या नव्हत्या. १८७६ साली श्रॉपशायरमधल्या जमीनदार कुटुंबात जन्म. ऑक्सफर्डला इतिहासाचं शिक्षण. काही काळ शाळेत शिकवून पाहिलं, पण ते जमलं नाही. त्यांनी लग्न केलं नाही, आणि मुलांमध्ये रमणं हा त्यांचा स्वभावही नव्हता. मुलांबद्दलचा त्यांचा आग्रह मायेच्या उमाळ्यातून आलेला नव्हता, तो न्यायबुद्धीतून आला होता. १९१३ मध्ये बाल्कन युद्धातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी त्या मॅसेडोनियात जाऊन आल्या, तेव्हा उपासमारीचं पहिलं दर्शन घडलं. पुढं महायुद्धात धाकटी बहीण डोरोथी शत्रुराष्ट्रांच्या वृत्तपत्रांतले उतारे भाषांतरित करून छापू लागली, आणि जेबबाई त्या कामात ओढल्या गेल्या. सीमेपलीकडच्या घरांत काय चाललंय, हे त्यांना रोज वाचायला मिळत होतं.

नाकेबंदी उठवा म्हणणाऱ्यांची एक परिषद १९१९ च्या आरंभी स्थापन झाली. दोघी बहिणी तिच्यात होत्या. पण सरकारशी वाद घालण्यात महिने जातात आणि मुलाचं पोट एवढा वेळ थांबत नाही. म्हणून १९ मे १९१९ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या सभेत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधी जाहीर झाला. कालपर्यंत ज्यांच्याशी लढलो त्यांच्या मुलांसाठी पैसे मागायचे, तेही ज्यांच्या घरातली तरुण मुलं युद्धात गेली त्यांच्याकडे! दोन वर्षांनी रशियात दुष्काळ पडला, तेव्हा बोल्शेविकांची पोरं आपण का पोसायची, असाही ओरडा झाला. बाई हटल्या नाहीत. वृत्तपत्रांत मोठाल्या जाहिराती दिल्या, दुष्काळाचा चित्रपट काढून लोकांना दाखवला आणि व्होल्गाकाठच्या सारातोव भागात मुलांसाठी अन्नछत्रं चालवली.

इकडं जिनिव्हात राष्ट्रसंघ स्थापन झाला होता. त्याच्या घटनेतलं सोळावं कलम असं होतं की करार मोडून युद्ध पुकारणाऱ्या देशाशी सर्वांनी व्यापारी आणि आर्थिक संबंध तोडावेत. युद्धातली नाकेबंदी आता शांततेचं हत्यार झाली. संघाच्या शिल्पकारांपैकी एक, लॉर्ड रॉबर्ट सेसिल, युद्धकाळात ब्रिटनचे नाकेबंदी खात्याचे मंत्री होते, यातच सारं आलं. त्या कलमात मुलांसाठी कुठंही फट ठेवलेली नव्हती.

जेबबाईंनी त्याच दारावर वेगळा कागद नेला. मुलाच्या हक्कांची अवघी पाच कलमं. त्यांतलं एक असं की संकटात पहिली मदत मुलाला मिळाली पाहिजे. त्यात देश, वंश, धर्म पाहायचा नाही, हे जाहीरनाम्याच्या आरंभीच सांगितलं होतं. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघानं तो स्वीकारला. पण स्वीकारला म्हणजे मान डोलावली, एवढंच. सोळाव्या कलमाला पाच कलमांची अट कुणी जोडली नाही. प्रकृती खालावलेल्या जेबबाई १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हातच गेल्या. वय बावन्न.

जोडणी राहून गेली, त्याची किंमत पुढं कळली. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनं इराकवर सर्वंकष निर्बंध लादले. औषधांना सूट होती, अन्नालाही जुजबी वाट ठेवली होती. मुदत मात्र नव्हती. मुदत नसली की निर्बंध उठवायला नवा ठराव लागतो आणि पाच बड्यांपैकी एकाचा नकाराधिकार तो अडवू शकतो. तेलाच्या बदल्यात अन्नाची योजना सुरू व्हायला १९९६ चा डिसेंबर उजाडला. किती मुलं दगावली याचे आकडे पुढं वादग्रस्त ठरले. हाल झाले याबद्दल वाद नाही. ती योजना सांभाळणारे डेनिस हॅलिडे १९९८ मध्ये आणि हान्स फॉन श्पोनेक २००० मध्ये निषेध म्हणून पायउतार झाले.

परकीय चलन विभागात बसलेल्या माणसाला ही सूट कागदावर कशी राहते ते ठाऊक असतं. यादीत देशाचं नाव दिसलं की हात आखडतो. औषधाला परवानगी असल्याचं सर्क्युलर समोर असतं. पण चूक झाली तर मान आपली जाणार, म्हणून कागद परत पाठवला जातो. त्यात दुष्टपणा नसतो, नोकरीची काळजी असते. मीही असे कागद परत पाठवले आहेत. पलीकडं कोण थांबलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

अखेर ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा समितीनं ठरवलं की संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी मदत सरसकट वगळावी. चौदा मतं बाजूनं पडली. सवलतीचा फायदा दहशतवादी गट उठवतील, ही चिंता मांडून भारत तटस्थ राहिला. ती चिंता पोकळ नव्हे. हिशेब तपासायलाच हवा. पण हिशेब तपासणं वेगळं आणि दुकान बंद करणं वेगळं. शिवाय बडे देश आपापल्या अधिकारात लादतात त्या निर्बंधांना हा ठराव लागू होत नाही.

अटकेपासून या ठरावापर्यंत एकशेतीन वर्षं गेली. निर्बंध नकोतच, असं मी म्हणत नाही. युद्धाहून ते बरे, हे मलाही पटतं. पण मंजुरीपत्रावर असते तशी मुदत आणि फेरआढाव्याची तारीख त्यावर असावी. तारीख उलटल्यावर ते चालू ठेवायचे असतील, तर मतं गोळा करण्याचं ओझं लादणाऱ्यावर असावं, उठवा म्हणणाऱ्यावर नव्हे. आणि अटींच्या रकान्यात पहिली ओळ जेबबाईंची असावी. एका साध्या कर्जासाठी आम्ही एवढी काळजी घेत होतो.