रक्तात राहिलेली खूण

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत नोकरीसाठी निघालेल्या माणसाच्या पासपोर्टसोबत एक पिवळी पुस्तिका असते. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस टोचल्याचा तो दाखला. तो जवळ नसेल तर मायदेशी परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. ही लस तयार करणाऱ्या मॅक्स थायलर यांना १९५१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लशीमुळे त्यांचे नाव टिकले. मात्र तिच्याआधी त्यांनी शोधलेल्या रक्तचाचणीची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. वडील आर्नल्ड हे स्वित्झर्लंडहून येऊन स्थायिक झालेले पशुवैद्य. एका अपघातात डावा हात गमावूनही त्यांनी ऑन्डरस्टेपोर्टची नामांकित पशुवैद्यकीय संस्था उभी केली. जनावरांच्या साथी, लशी, प्रयोग अशा वातावरणात मॅक्स वाढले. केपटाऊनमध्ये सुरू केलेले शिक्षण पुढे लंडनमध्ये ग्राह्य धरले गेले नाही. तेव्हा विद्यापीठाच्या पदवीचा नाद सोडून त्यांनी १९२२ मध्ये वैद्यकीची पदविका घेतली आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड गाठले. नोबेल मिळाले तेव्हाही त्यांच्याकडे एमडी पदवी नव्हतीच.

पीतज्वर पसरवणारा मुख्य डास म्हणजे आपल्या ओळखीचा एडिस इजिप्ती, डेंग्यू पसरवणारा. तीव्र ताप, कावीळ, काळी उलटी आणि अनेकदा मृत्यू असा या रोगाचा क्रम. त्या काळात हिदेयो नोगुची या प्रख्यात जपानी संशोधकाने या रोगाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले होते. थायलर आणि त्यांचे वरिष्ठ अँड्र्यू सेलार्ड्स यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले की तो जिवाणू वेगळ्याच काविळीचा, वाइल्स रोगाचा आहे. खरा कर्ता विषाणू होता. तो सिद्ध करताना माणसे मरत होती. एड्रियन स्टोक्स १९२७ मध्ये लागोसला गेले. मे १९२८ मध्ये आक्रा येथे नोगुची आणि त्यांच्यापाठोपाठ विल्यम यंग गेले, १९२९ मध्ये ब्राझीलमध्ये पॉल लुइस. चौघेही ज्या रोगावर काम करत होते त्याच रोगाने दगावले.

स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणापूर्वी एक मोठे काम केले होते. असिबी नावाच्या २८ वर्षांच्या आफ्रिकी तरुणाचे रक्त टोचून त्यांनी माकडाला पीतज्वर करून दाखवला. असिबी बरा झाला. पण हा रोग आफ्रिकेतील माकडांना सहज होत नव्हता, त्यासाठी ऱ्हीसस जातीची आशियाई माकडे लागत. हा रोग आशियात कधी पोहोचलाच नव्हता, त्यामुळे आपल्याकडच्या माकडांना त्याच्याशी लढण्याची सवय नव्हती. माकडे महाग, सांभाळायला कठीण आणि चावा घेणारी. एकेका नमुन्यासाठी एकेक माकड खर्ची घालणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नव्हते.

थायलर यांनी पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचून पाहिला आणि उंदीर मेले. त्यांचे यकृत शाबूत होते, मेंदूला मात्र सूज आली होती. पीतज्वर हा यकृताचा रोग मानला जाई, त्यामुळे हा निष्कर्ष अनेकांच्या पचनी पडला नाही. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, थायलर यांनाच ताप भरला. प्रयोगशाळेतला विषाणू त्यांच्या अंगात शिरला होता. सुदैवाने आजार सौम्य निघाला. ते बरे झाले आणि त्यांना या रोगापासून संरक्षणही मिळाले.

उंदीर हाताशी आल्यावर चाचणी सोपी झाली. माणसाच्या रक्तातला द्रव, म्हणजे रक्तद्रव घ्यायचा, त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण उंदरांना टोचायचे. त्या माणसाला पूर्वी पीतज्वर होऊन गेला असेल तर त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे विषाणूला निकामी करतात आणि उंदीर जगतात. झाला नसेल तर उंदीर मरतात. माणसाला आठवत नसलेला, किंवा साध्या तापावर निभावलेला संसर्गही यातून उघड होई. करोनाच्या काळात परिचारिका, वॉर्डबॉय, डॉक्टर यांच्या रक्तात प्रतिपिंडे शोधली गेली, जुलै २०२० मधील पाहणीत मुंबईच्या तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत ती आढळली, त्यामागचा विचार हाच. फक्त आता उंदरांची जागा रसायनांनी घेतली आहे.

थायलर १९३० मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत आले. संस्थेने ही चाचणी थोड्याफार बदलाने जगभर वापरली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून रक्ताचे नमुने येऊ लागले. जिथे पीतज्वराचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता, अशा गावांतल्या लोकांच्या रक्तातही त्याची खूण सापडली. रोगाचा नकाशा समजुतीपेक्षा फार मोठा निघाला. आशियातील नमुन्यांत ती खूण नव्हती. हा नकारही महत्त्वाचा. इथे डास आहे, माकड आहे आणि कोट्यवधी माणसे कोणत्याही संरक्षणाविना आहेत, असा त्याचा अर्थ होता. पिवळ्या पुस्तिकेबाबत भारत इतका कडक का, याचे उत्तर त्यात आहे.

दरम्यान प्रयोगशाळेतले कर्मचारी आजारी पडतच होते. १९३१ मध्ये विल्बर सॉयर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत वाढवलेला थायलर यांचा विषाणू आणि बऱ्या झालेल्या माणसांचा रक्तद्रव एकत्र टोचून कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले. ते खरोखर मिळाले का, हे उंदरांच्या त्याच चाचणीने पडताळले जाई. पण एका माणसासाठी इतका रक्तद्रव लागे की गावेच्या गावे टोचणे अशक्य होते.

म्हणून थायलर यांनी असिबीच्या रक्तातून आलेला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत वाढवायला घेतला. त्यातला मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकलेला असे. एका ताटलीतून दुसरीत, वर्षानुवर्षे. ८९व्या आणि ११४व्या फेरीच्या दरम्यान केव्हातरी विषाणू बदलला. माकडाच्या मेंदूत टोचूनही ते मरेना, उलट त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली. हा बदल पुन्हा घडवून आणण्याचे प्रयत्न फसले. नशिबाचा भाग होताच, पण शंभर फेऱ्या चिकाटीने न करणाऱ्याला ते नशीब भेटले नसते. १७डी नावाची ही लस १९३७ मध्ये जाहीर झाली आणि ह्यू स्मिथ ती ब्राझीलला घेऊन गेले. १९४० ते १९४७ या काळात रॉकफेलरने २ कोटी ८० लाखांहून अधिक मात्रा बनवल्या.

याच काळात घात झाला. विषाणू टिकावा म्हणून लशीत माणसाचा रक्तद्रव मिसळत. ब्राझीलमध्ये लशीनंतर कावीळ झाल्याचे दिसल्यावर तिथे १९४० मध्येच तो वगळला गेला होता. न्यूयॉर्कने तो चालू ठेवला, आणि ही चूक साधी नव्हती, कारण इशारा समोर होता. रक्तदाते होते जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले वैद्यकीय विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका. चांगल्या भावनेने रक्त देणारी, धडधाकट दिसणारी माणसे. त्यांच्यातील काहींच्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू होता आणि तो शोधणारी चाचणी तेव्हा अस्तित्वात नव्हती. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्यातील सुमारे ५० हजार जवान काविळीने रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर रक्तद्रव वगळण्यात आला. मूळ १७डी विषाणूत दोष नव्हता, त्याच्यापासून बनणारी लस आजही टोचली जाते.

नोबेल जाहीर झाल्यावर या पैशांचे काय करणार, असे विचारणाऱ्या पत्रकारांना थायलर यांनी सांगितले की स्कॉचचा खोका आणून डॉजर्सचे बेसबॉल सामने पाहणार. सभा-समारंभांपेक्षा त्यांचा जीव प्रयोगशाळेत रमे.

त्यांच्या प्रयोगशाळेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथेही पहिले काम रक्त तपासण्याचेच होते. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची खूण भारतीयांच्या रक्तात सापडली, झिकाशी जुळणारी प्रतिपिंडेही सापडली. अर्थात एकाच कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांसारखी वागतात, त्यामुळे अशा निकालांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर आला की काय, या भीतीने सगळेच हादरले. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराच्या कुळातला असला तरी नवा होता आणि गोचिडीतून पसरत होता. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गमध्ये २०१६ पासून लोक ज्याला माकडताप म्हणतात, तो हाच.

थायलर १९६४ मध्ये येल विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९६७ मध्ये निवृत्त. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. १९४२च्या काविळीचा हिशेब मात्र अजून पूर्ण व्हायचा होता. चार दशकांनंतर अमेरिकी संशोधकांनी त्या वेळच्या जवानांना शोधून त्यांचे रक्त तपासले. कावीळ झालेल्या जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात हेपटायटिस बीची प्रतिपिंडे होती. तीच लस टोचूनही जे आजारी पडले नव्हते, त्यांच्यातील तीन चतुर्थांश जणांच्या रक्तातही ती होती. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बाधितांचा आकडा ५० हजारांवरून सुमारे ३ लाख ३० हजारांवर नेला.