गल्लीबोळांतला प्राध्यापक : सर पॅट्रिक गेडिस

वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पॅट्रिक गेडिस हे नाव येत नाही. मला ते भेटले ग्रंथालयातल्या समाजशास्त्राच्या कपाटात. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये हे आपल्याकडच्या समाजशास्त्राचे एक आद्य पुरुष. मुंबई विद्यापीठात त्यांच्या आधी या विभागाचे प्रमुख कोण होते हे पाहू गेले, तर निघाले एक स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ! आणि या वनस्पतिशास्त्रज्ञाने अर्धे आयुष्य खर्ची घातले ते शहरांपायी. माझे आजोळ या सीमाभागात असले तरी घर सुरतेच्या गोडादऱ्यात आहे. शहर कसे वाढते आणि कुठे नासते, हे तिथे उंबऱ्यावरूनच दिसते. म्हणून हे चरित्र मी जरा हट्टानेच वाचून काढले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलॅटर या गावी झाला. लंडनला ते थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकले. पण पदवी म्हणून त्यांनी कधी घेतली नाही. (परीक्षेच्या तोंडावर हे वाचून माझ्या मैत्रिणींना भलताच आनंद झाला. त्यांना पुढचे सांगावे लागले, की पदवीवाचूनच हे गृहस्थ डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.) १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत दिवस काढावे लागले. सूक्ष्मदर्शक तर हातचा सुटला. तेव्हा कागदाला घड्या घालून, त्या चौकटी बोटांनी चाचपत ते विचार मांडू लागले. पुढे दृष्टी परत आली, पण चौकटींची सवय राहिली. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत अशाच चौकटींतून मांडला गेला.

१८८६ मध्ये लग्न झाल्यावर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून चुना लावला, अंगणे झाडली, फुलझाडे लावली. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांनी स्वतः चालवायचे एक वसतिगृह काढले. आपल्या वसतिगृहाच्या खानावळ समितीने याची नोंद घ्यावी.

भारतात ते वयाच्या साठीत आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन, म्हणजे कित्येक वर्षांत जमवलेले नकाशे आणि चित्रे, १८१४ नव्हे तर महायुद्धाच्या १९१४ सालीच बोटीने येत होते. जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने ती बोट बुडवली. दुसरा कोणी परत फिरला असता. यांनी नवे प्रदर्शन जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला मांडलेही. मग बळ्ळारी, ठाणे, बडोदे, लखनौ अशी गावोगाव पाहणी सुरू झाली.

त्या काळी गावसुधारणा म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढायची आणि रेघेखाली येतील ती घरे पाडायची. गेडिस आधी पायी हिंडत. विहीर कुठे आहे, पार कुठे, कोणते घर मोडकळीस आले आहे, बायका कोणत्या वाटेने पाण्याला जातात, हे टिपून घेत. मग दोनचार पडकी घरे तेवढी काढायची, तिथे लहानसा चौक मोकळा करायचा, झाड लावायचे, बाकी वस्ती जागच्या जागी ठेवायची. शल्यविशारद बोट वाचवण्याचा प्रयत्न करतो तसा हा प्रकार. वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून मला त्यांचा हिशोब फार पटला. पाडलेल्या घरातली माणसे हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या वस्तीत शिरतात, तिथली गर्दी वाढते, भाडी वाढतात. हा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात दिसत नाही. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवायलाही त्यांचा विरोध होता. तळ्यात मासे आणि बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील, असे ते सुचवीत.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला. इकडे ॲनाबाई अंथरुणाला खिळलेल्या. ती वार्ता त्यांनी पत्नीला कळू दिली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या.

त्याच सुमारास होळकरांच्या इंदुरात त्यांचे काम सुरू झाले होते. शहरात प्लेगची धास्ती होती, आणि नकाशा घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत. त्यांनी दरबाराकडे एका दिवसाचे राजेपण मागितले! दिवाळीची मिरवणूक निघेल, पण नेहमीच्या मार्गाने नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील तिथूनच ती जाईल, अशी दवंडी पिटली. मग काय, आळीआळीत चढाओढ लागली. कचऱ्याच्या हजारो गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती होते, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता; आणि शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, तुळशीची रोपे वाटली. प्लेग त्यामुळेच गेला असे मी म्हणणार नाही, त्याचा हंगामही सरत आला होता. पण ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते त्यांना हार घालून राजमार्गाने नेणे, हे मला सगळ्या अहवालांहून मोठे वाटते. इंदूरचा दोन खंडांतला अहवाल १९१८ मध्ये निघाला. त्यात नदीकाठांना त्यांनी मानाची जागा दिली आहे.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात होते. घुर्ये यांना विलायतेला धाडण्यात त्यांचाच हात होता. व्याख्याते मात्र ते बेताचेच. दाढीतल्या दाढीत बोलत. पुढे प्रकृतीमुळे फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. १९३२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले.

सुरतेलाही सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगने गाठले. खानदेशातून आलेले कितीतरी कामगार तेव्हा मिळेल त्या गाडीने गावी पळाले. माझे वडील त्यांतलेच. नंतर शहराने कात टाकली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर व सुरत या दोघांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. तरी आमच्या बाजूला, पर्वत पाटियाकडे, पावसाळ्यात खाडीचे पाणी घरात शिरते ते शिरतेच. आता आमच्या वस्तीतून रुंद रस्ता जाणार अशी कुणकुण आहे.

गेल्या मे महिन्यात मी आणि धाकटा भाऊ वही घेऊन आमच्या पाच गल्ल्या हिंडलो. झाडे अकरा, त्यांतली चार देवळाच्या आवारात. लूमची खाती सहा. साड्यांना टिकल्या लावण्याचे काम जवळजवळ प्रत्येक ओट्यावर. गाडी अडते अशी जागा एकच, तिथे एक पडके घर आहे आणि मालक गावी असतो. ते एक घर उतरवले तर वाट मोकळी होते. रस्त्याची जी रेघ लोक सांगतात ती नऊ घरांवरून जाते. त्यांत आमचेही आहे. दोन्हींचा खर्च मी शेजारीशेजारी मांडला आहे. ती वही वडील सोसायटीच्या सभेत घेऊन गेले आहेत.