बाबासाहेबांची पाण्याची लढाई



बोईसरच्या बाजूला उन्हाळा आला की शाळेच्या हजेरीपटावरून पाण्याची स्थिती कळते. वस्तीत टँकर यायचा असेल त्या दिवशी मुली उशिरा येतात, काही येतच नाहीत. अशाच एका दिवशी मी वर्गात महाडच्या चवदार तळ्याची हकिकत सांगत होतो. एका मुलीने उभे राहून विचारले की, तळे तर बाबासाहेबांनी जिंकले, आता आपल्या वस्तीत पाण्यावरून कोणी हाकलून देत नाही, मग आई पहाटे तीनला उठून हंडे का मांडून बसते? मला तिला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर विचार करू लागलो, तेव्हा जाणवले की बाबासाहेबांचे सारे आयुष्यच पाण्याच्या काठाकाठाने गेलेले आहे. आपल्यापैकी बरीच कुटुंबे नुकतीच धम्मात आली आहेत. त्यांच्या मुलाबाळांसाठी ते आयुष्य या बाजूने सांगावे, म्हणून हा लेख.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला व पुढे साताऱ्याला राहिले. आई भीमाबाई लवकर गेली. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला तहान लागली तरी नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की त्या दिवशी तहानलेले राहायचे. नळ होता, नळाला पाणीही होते, पण तोटी दुसऱ्याच्या हाती होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचे सारे हिच्यातून निघाले.

सुमारे १९०१ सालची गोष्ट. दुष्काळ पडला होता. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि त्या कामावर सुभेदार रामजी खजिनदार होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बरोबरची घरची मुले नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांची नजर बदलली. एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन एक गाडी ठरली, तीही या अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान पायी चालणार. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत होते ते जनावरांच्या शेणामुताने घाण झालेले डबके. रात्री नाक्यावर जकातवाल्याकडे पाणी मागितले. गाडीवानाच्या सांगण्यावरून आपण मुसलमान आहोत अशीही बतावणी केली, तरी थेंब मिळाला नाही. अन्न समोर असून मुले उपाशी झोपली.

बाप दुष्काळी लोकांसाठी चाललेल्या तलावाचा हिशेब ठेवतो आणि त्याच तलावाकडे निघालेल्या त्याच्या मुलाला वाटेत घोटभर पाणी मिळत नाही. पाणी नसणे आणि पाणी न मिळू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाला त्या रात्री कळले.

पुढे भीमराव मुंबईस शिकले. १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन १९२३ मध्ये ते परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. बोले स्वतः भंडारी समाजातले. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर हा समाज मोठा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला.

ठराव झाला, पण तळ्याला अस्पृश्याचे पाऊल लागले नाही. इतर धर्मांची माणसे तेथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, फक्त आपली माणसे काठावर जाऊ शकत नव्हती. कागदावर हक्क आला होता, ओंजळीत पाणी आले नव्हते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आदी कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी कष्ट घेतले होते. त्यांतले चित्रे व टिपणीस जन्माने सवर्ण होते हेही विसरता कामा नये. परिषदेला आलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. तळे भरलेले, नगरपालिकेचा ठराव झालेला आणि पाणी मात्र विकतचे! दुसऱ्या दिवशी बाबासाहेब पुढे आणि हजारो स्त्री-पुरुष मागे, असे सारे शिस्तीने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले व ते प्याले. मागून सारा समुदाय प्याला.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेच्या माणसांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. परतणारे एकटेदुकटे लोक वाटेत झोडपले गेले. आपल्या बाजूचे तरुण खवळले होते, संख्याही मोठी होती. बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. त्या दिवशी महाडला रक्तपात झाला असता तर तळ्याचा प्रश्न बाजूला पडून दंगलीचा खटला तेवढा उरला असता. पुढे सनातन्यांनी तळ्यात गोमूत्र, शेण, दूध, दही यांचे घडे ओतून ते शुद्ध करून घेतले, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा हजारो लोक महाडला जमले. सभेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर जाण्याआधीच विरोधकांनी, हे तळे खाजगी आहे, असा दावा लावून दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. जमलेले लोक जीव द्यायला तयार होते. अशा वेळी पाऊल मागे घेणे हे पुढे टाकण्यापेक्षा अवघड असते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती शांत मिरवणूक काढली आणि न्यायालयाची वाट धरली.

ती वाट दहा वर्षांची निघाली. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये निकाल आपल्या बाजूने दिला. विरोधक अपिलात ठाण्याच्या न्यायालयात गेले. त्या काळी आपला पालघरचा भागही ठाणे जिल्ह्यातच होता. तेथेही ते हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना तेथून दूर ठेवण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरवले. एका ओंजळीचा हिशेब पुरा व्हायला दहा वर्षे लागली. या काळात बाबासाहेबांनी गोलमेज परिषदा, पुणे करार, स्वतंत्र मजूर पक्ष असे केवढे डोंगर उचलले! तरीही एका तालुक्याच्या गावातील तळ्याचा दावा त्यांनी अर्ध्यावर सोडला नाही.

इथपर्यंतची कथा आपल्या विहारांतून सांगितली जाते. पुढची कमी सांगितली जाते. जुलै १९४२ ते १९४६ पर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सिंचन व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. नदीला बांध घालून पूर अडवावा एवढाच विचार तोवर होत असे. बाबासाहेबांनी तो विचार उलटा केला. पुराचे पाणी ही आपत्ती नसून साठवायची संपत्ती आहे, एकाच नदीपासून पूरनियंत्रण, शेतीला पाणी, वीज आणि जलवाहतूक अशी सारी कामे व्हावीत, असे त्यांनी मांडले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवून दामोदर योजनेची आखणी झाली व १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसातील नद्यांच्या बहुउद्देशीय विकासाचा आग्रह धरला. महानदीवर पुढे हिराकुड धरण उभे राहिले. देशातील नद्यांचा एकत्र विचार करणारा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्या मुलाला तोटीला हात लावू दिला नव्हता, तो देशातील नद्यांचे पाणी कसे वापरावे हे ठरवणाऱ्या जागेवर बसला होता.

मग संविधान आले. कलम १५ मध्ये दुकाने, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकाला धर्म, जात, लिंग यांवरून अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. तोच १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, नळ व घाट या सर्वांची नावे घेऊन अडवणूक हा गुन्हा ठरवला आहे. आपल्या प्रत्येक घरात हे ठाऊक असले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व लाखोंना दिली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा बुद्धचरित्राचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले, ही रूढ कथा त्यांनी त्यात बाजूला ठेवली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर या गोष्टी पाहिल्याच नसतील, हे त्यांना पटले नाही. त्यांनी रोहिणी नदीचा प्रसंग पुढे ठेवला. शाक्य आणि कोलिय या दोन गणराज्यांच्या सीमेवरून रोहिणी वाहत होती. शेतीला आधी पाणी कोणी घ्यायचे, यावरून भांडण पेटले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा, अशी सूचना त्याने मांडली. बहुमताने ती फेटाळली. युद्धात भाग घेण्यापेक्षा सिद्धार्थाने परिव्राजक होऊन देश सोडणे पत्करले.

मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाने आयुष्याच्या अखेरीस आपल्याला जो बुद्ध दाखवला, तो नदीच्या पाण्याचा न्याय मागणारा बुद्ध आहे. म्हणून पाण्याचा प्रश्न आपल्या धम्माच्या बाहेरचा नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी नाही. मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सूर्या नदीवरचे धामणी धरण आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून आखले गेले. आज त्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आहे. शहरातली माणसेही तहानलेली आहेत, त्यांना पाणी नको असे कोण म्हणेल? पण वाटणी ठरते तेव्हा पाड्यावरची बाई त्या बैठकीत नसते. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासला, तेव्हा मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्यांवर भरपाई बसवली. मासेमारी करणाऱ्या या बांधवांनी महाडचीच वाट धरली, असे मला वाटते.

बाळ, तुझी आई पहाटे तीनला उठते, कारण तोटी अजून दुसऱ्याच्या हाती आहे. पूर्वी ती जातीच्या नावाने बंद असे. आज पाण्याची वाटणी जेथे ठरते तेथे आपण नसतो, म्हणून ती कोरडी राहते.

तेव्हा करायचे काय? ग्रामसभेला घरातील बाईमाणसासह जावे. पाणी कोणत्या योजनेतून येते, किती मंजूर आहे, किती मिळते, हे लेखी मागावे आणि उत्तर जपून ठेवावे. अर्ज फेटाळला तर पुन्हा करावा. दहा वर्षे लागली तरी कंटाळू नये. हात उगारू नये. आणि केवळ आपल्या वस्तीच्या नळापुरते मागू नये. शेजारचा वारली पाडा, खाडीकाठचा कोळीवाडा यांनाही बरोबर घ्यावे. फक्त आपलाच हंडा भरून घेतला तर रोहिणीच्या काठावर युद्ध मागणाऱ्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

येत्या २० मार्चला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर वस्तीच्या पाण्याचा अर्ज सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि सह्या घ्याव्यात. पहिली सही त्या घरच्या माउलीची असावी जी सर्वांत आधी उठते.

भवतु सब्ब मंगलं.